सायीचा हिशेब वेगळा, साखरेचा वेगळा

संध्याकाळी सातच्या सुमाराला अमळनेरमधल्या कुठल्याही डेअरीवर जा. पसरट पातेल्यात म्हशीच्या दुधाचं दही लावलेलं असतं, वर सायीचा पिवळसर थर. पळी आत गेली की कवडी अशी सुटून येते की कडासुद्धा मोडत नाही. डेअरीवाल्याचा प्रश्न ठरलेला, "कितलं देऊ, भाऊ?" आणि गिऱ्हाइकाचा उलट प्रश्नही ठरलेला, "आंबट तर नाही ना?" मग तो चमच्याच्या टोकाने इवलंसं दही आपल्या तळहातावर ठेवतो आणि म्हणतो, "गोडच शे."

वर्षानुवर्षं माझी दह्याची पारख एवढीच होती. चार वर्षांपूर्वी रिपोर्टमध्ये शुगर निघाली, पोटाचा घेर तर आधीपासून होताच. डॉक्टरांना विचारलं, दही चालेल का? ते म्हणाले, "चालेल की. साखर घालू नका आणि सायीचं खाऊ नका." मी घरी येऊन या दोन सूचनांची एकच सूचना करून टाकली. साय काढली की दही शुगरला चांगलं, असं मनाशी ठरवलं आणि बिनसायीच्या दह्यावर चमचाभर साखर पेरून खाऊ लागलो. साय सोडली म्हणजे एवढी सूट मिळायलाच हवी, असं वाटत होतं. हसू नका, हा हिशेब करणारा मी एकटा नाही. डेअरीवर, लग्नाच्या पंगतीत, कीर्तनानंतरच्या गप्पांत मला असे पुष्कळ जण भेटले आहेत.

म्हणून आधी गुंता सोडवू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची अन्नघटकांची जुनी कोष्टकं आहारतज्ज्ञ अजूनही वापरतात. त्यांत १०० ग्रॅम गायीच्या दुधात ६७ कॅलरी, म्हशीच्या दुधात ११७ आणि स्निग्धांश काढून टाकलेल्या दुधात २९ कॅलरी दिल्या आहेत. स्निग्धांश अनुक्रमे ४.१, ६.५ आणि ०.१ ग्रॅम. आता पुढचा रकाना पाहा, कर्बोदकांचा. दुधात कर्बोदक म्हणजे त्याची अंगची साखर, लॅक्टोज. गायीच्या दुधात ४.४, म्हशीच्या ५, आणि साय-लोणी काढलेल्या दुधात ४.६ ग्रॅम. म्हणजे साय गेली, कॅलरी पाव झाल्या, साखर मात्र होती तिथेच राहिली. ती सायीत कधी नव्हतीच, ती पाण्याच्या भागात विरघळलेली असते.

साय काढल्याने वजनाला फरक पडतो. ग्लुकोमीटरवरच्या आकड्याला फारसा नाही. ज्याची शुगर वाढलेली आहे पण अंगावर मांस नाही, अशा सत्तरीच्या किडकिडीत आजोबांचं सायीचं दही हिरावून घेण्यात काही हशील नाही. उलट, ज्याची कंबर सुटली आहे त्याने साखर न घालता सायीचं दही वाडगाभर चापलं, तर शुगरच्या वहीत त्याचा पत्ता लागणार नाही, वजनाच्या काट्यावर मात्र लागेल.

पण किडकिडीत कोणाला म्हणायचं, हेही आपल्याकडे सरळ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघे शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याच्या दृष्टीने दोघेही सारखे सडपातळ. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरावरून त्याला गमतीने 'वाय-वाय विरोधाभास' म्हटलं गेलं. याच कारणाने भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा बीएमआय २५ वरून २३ वर आणली गेली, आणि कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० सेंटिमीटर धरली जाते. त्यामुळे "मी कुठे जाड आहे?" हा प्रश्न आरशाला विचारू नये. टेलरची फीत घ्यावी, बेंबीच्या पातळीला लावावी, आणि पोट आत ओढू नये. हे शेवटचं सर्वांत अवघड.

आता दही लावताना काय होतं ते पाहू. कोमट दुधात विरजण घातलं की त्यातले जिवाणू लॅक्टोज खाऊ लागतात आणि त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. आम्ल वाढत गेलं की दुधातलं केसीन हे प्रथिन गोठतं, आणि कवडी पडते. पण जिवाणू सगळी साखर संपवत नाहीत. पाव ते तिसरा हिस्सा संपला की आम्लच त्यांना आवरतं. म्हणून साध्या दह्यात १०० ग्रॅममागे तीन-चार ग्रॅम साखर उरतेच. जास्त आंबवलं तर आणखी थोडी कमी होते, पण एवढ्या तेवढ्यासाठी दात आंबवून घेण्यात अर्थ नाही. ज्याला जसं आवडतं तसं खावं.

इथे आपल्या भाषेचीही एक खोडी आहे. आपण 'गोड दही' म्हणतो ते न आंबलेल्याला. डेअरीवाला "गोडच शे" म्हणतो तेव्हा त्याने साखर घातलेली नसते. पण हल्ली शीतकपाटात 'स्वीट' असं लिहिलेले डबे असतात, त्यांत खरोखरच साखर असते. आमच्या शेजारच्या एका आजींना त्यांच्या नातवाने पुण्याहून येताना असा डबा आणला. आजी चार दिवस कौतुकाने सांगत होत्या, "काय गोड दही आहे हो शहरातलं, मुळीच आंबट नाही!"

मीही फार शहाणा नव्हतो. एकदा जळगावला कामाला गेलो असताना दुकानात आंब्याच्या चवीचं 'लो फॅट' योगर्ट दिसलं. फॅट कमी म्हणजे डॉक्टरांची आज्ञा पाळली गेली, या समाधानात दोन कप तिथेच उभ्या उभ्या संपवले. चष्मा लावून कपाची पाठ वाचली ती नंतर. घटकपदार्थांत दुधानंतर लगेच साखर होती. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे आंब्याचा नंबर साखरेच्या नंतरचा! फळांच्या चवीच्या बहुतेक दह्यांत १०० ग्रॅममागे एकूण साखर १२ ते १६ ग्रॅमच्या घरात असते. त्यातली चार-पाच दुधाची, बाकीची वरून ओतलेली. दोन कपांत मी चार-पाच चमचे साखर खाल्ली होती, आणि वर पथ्य पाळल्याचा आनंद घेतला होता.

पाकीट घेणाऱ्याने दोनच ओळी वाचल्या तरी पुरे. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे पोषणाच्या चौकटीत एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळी द्यावी लागते. दुसरा आकडा शून्य असेल तर दही साधं. पहिला आकडा शून्य नसतो आणि नसावाच, त्याला घाबरू नये. मात्र आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका कपाचे, हे पाहून घ्यावं. समोर मोठ्या अक्षरात 'प्रोबायोटिक', 'फिट', 'लाइट' काय लिहिलं आहे त्याकडे मी आता बघतही नाही. ते मुलीकडच्यांनी केलेल्या वर्णनासारखं असतं, खरं काय ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात.

पिशवीचं दूध आणून घरी दही लावणाऱ्यांसाठी काम आणखी सोपं आहे. फुल क्रीम म्हणजे ६ टक्के स्निग्धांश, स्टँडर्ड ४.५, टोन्ड ३ आणि डबल टोन्ड दीड टक्का. हे कायद्याने ठरलेले किमान आकडे आहेत. वजन उतरवायचं असेल तर टोन्ड किंवा डबल टोन्ड. पण अमळनेरसारख्या गावात अजून पुष्कळ घरी रतिबाचं म्हशीचं दूध येतं, आणि त्याच्या पिशवीवर काही छापलेलं नसतं कारण पिशवीच नसते. ते तापवून, गार करून, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी साय पुरी काढावी. पुन्हा तापवून पुन्हा एकदा काढली तर आणखी बरं. सगळा स्निग्धांश त्याने निघत नाही, पण बराच निघतो. आता ती साय जाते कुठे हेही बघायला हवं. आमच्या घरी ती आठ दिवस साठून तिचं तूप होतं आणि रविवारी वरण-बट्टीवर परत माझ्याच ताटात येतं. बट्टी बोटांनी फोडून तिच्यावर तूप 'जिरेपर्यंत' ओतायचं असतं, असा खान्देशी दंडक आहे. दह्यातून काढलेलं बट्टीतून भरून निघतं, आणि काटा म्हणतो मी इथेच आहे.

वाटीचा प्रश्न तर मला सगळ्यांत उशिरा कळला. 'रोज दोन वाट्या दही' असं आपण सहज म्हणतो. मी एकदा स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर आमची स्टीलची वाटी ठेवली, काटा शून्यावर आणला आणि नेहमीसारखं दही वाढून घेतलं. माझ्या अंदाजाने १०० ग्रॅम. काट्यावर १७० आले. म्हणजे माझ्या दोन वाट्या कोष्टकातल्या साडेतीन वाट्या होत्या. म्हशीच्या सायीच्या दह्याच्या जागी गायीच्या किंवा टोन्ड दुधाचं २०० ग्रॅम दही घेतलं तर दिवसाला शंभराच्या आसपास कॅलरी वाचतात. वर्षभरात कागदावर त्याचे पाचएक किलो होतात. शरीर असं कागदाबरहुकूम वागत नाही, वजन घटू लागलं की ते खर्चही आखडतं घेतं, त्यामुळे पाच किलोंची आशा धरू नये. पण थोडं थोडं वर्षानुवर्षं राखलं की काय होतं, हे अमळनेरकरांना वेगळं समजवायला नको. १९४५ साली याच गावात वनस्पती तूप काढायला निघालेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सची पुढे विप्रो झाली, आणि ज्या घरांनी तिचे जुने शेअर नुसते पेटीत पडू दिले त्या घरांच्या गोष्टी इथे अजून पारावर सांगितल्या जातात. चक्रवाढ दोन्हीकडे चालते, शेअरमध्येही आणि कमरेवरही.

दह्याचा आपल्याकडे एक प्रकार असा आहे, की ज्याची किंमत आपल्याला कधी कळलीच नाही. चक्का. दही फडक्यात बांधून सहा-आठ तास टांगलं की पाणी गळून जातं. त्या पाण्याबरोबर लॅक्टोजचाही भाग जातो आणि उरलेल्या गोळ्यात प्रथिनं दाटतात. साध्या दह्यात १०० ग्रॅमला तीन-चार ग्रॅम प्रथिनं असतात, चक्क्यात साधारण आठ-दहा. शहरांतल्या दुकानांत 'ग्रीक योगर्ट' म्हणून छोट्या डब्यात जे महाग मिळतं ते याहून फार वेगळं नसतं. प्रथिनांनी पोट भरल्यासारखं वाटतं, भूक लांबते, आणि वजन उतरवताना स्नायू टिकायला ती लागतातच. डाळ-भाकरीच्या शाकाहारी ताटात त्यांची नेहमी ओढाताण असते. असा हा सोन्यासारखा चक्का आपण काय करतो? त्यात त्याच्याच वजनाएवढी साखर घोटतो. श्रीखंडाच्या सरकारी मानकातच कोरड्या भागाच्या ७२.५ टक्क्यांपर्यंत साखरेला परवानगी आहे. घनभाग किमान ५८ टक्के हवा, म्हणजे हिशेब केला तर १०० ग्रॅम श्रीखंडात ४० ग्रॅमहून अधिक साखर बसू शकते. पाडव्याला दोन चमचे खावं, मी खातो. पण श्रीखंड हे दह्याच्या खात्यात लिहू नये, पेढ्याच्या लिहावं.

टोन्ड दुधाच्या दह्याचा बिनसाखरेचा चक्का आमच्याकडे आता आठवड्यातून दोनदा होतो. त्यात किसलेली काकडी, ठेचलेला लसूण, जिरेपूड, मीठ बेताचं. वांग्याच्या भरताबरोबर तो असा जमतो की आधी कसं सुचलं नाही असं वाटतं. गळलेलं पाणी फेकायचं नाही. त्यात भाकरीचं पीठ मळलं की भाकरीला बारीक आंबूस चव येते.

आणि भाकरीचा विषय निघालाच आहे तर खरं दुखणं तिथेच आहे. दह्याला आपण उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. १०० ग्रॅम दह्यातली कर्बोदकं तीन-चार ग्रॅम. त्याच्या शेजारी दादर ज्वारीची एक भाकरी ठेवा. तिला ६० ग्रॅम पीठ धरलं तर कर्बोदकं ४३ ग्रॅम, म्हणजे दह्याच्या दहापट. आणि एका भाकरीवर थांबणारा खान्देशी मी अजून पाहिलेला नाही. कळण्याची भाकरी त्यातल्या त्यात बरी, ज्वारीत उडीद दळलेला असल्याने प्रथिनं थोडी वाढतात. रात्री आमच्याकडे घरोघर खिचडी, वर कच्चं तेल, पापड. तिथे तांदूळ आणि डाळ निम्मे निम्मे घेतले तरी पुष्कळ फरक पडतो. दही बदलून शुगर उतरली नाही अशी तक्रार करणाऱ्याने आधी पातेल्यातला तांदूळ मोजावा.

सगळ्यांत फसवं ताट उपासाचं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि वर साखर घातलेलं दही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ स्टार्च. १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं ८७ ग्रॅम, प्रथिनं ०.२. साठ ग्रॅम साबुदाणा भिजवला तरी बावन्न ग्रॅम कर्बोदकं झाली, दह्यावरच्या दोन चमचे साखरेने त्यात दहाची भर. वरून "आज मी काही खाल्लं नाही." शेंगदाण्याचं कूट भरपूर घातलं तर जरा आधार मिळतो. भगर मोजून आणि दही साधं, हे त्याहून बरं. पण ज्यांना इन्सुलिन आहे किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या आहेत, त्यांनी ताकावर दिवस काढायचा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नये. औषध पोटात आणि अन्न नाही, अशा वेळी शुगर एकदम खाली जाते. ती ७० च्या खाली गेली, घाम फुटला, हात थरथरू लागले तर त्या वेळी दही-ताक कामाचं नाही. त्यातली साखर थोडी आणि ती रक्तात चढते सावकाश. तिथे तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी. एरवी जिला लांब ठेवायचं तिचाच तेव्हा आधार.

दही सावकाश चढतं, याच्यामागे दोन-तीन कारणं आहेत. त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश जठर हळू रिकामं करतात. दुधातली प्रथिनं, विशेषतः पाण्याच्या भागातली, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला उद्युक्त करतात. १९९७ साली सिडनी विद्यापीठात निरनिराळ्या पदार्थांनंतर रक्तातलं इन्सुलिन मोजलं गेलं, तेव्हा योगर्टचा इन्सुलिनचा आकडा पांढऱ्या पावाच्याही वर गेला होता, रक्तातली साखर मात्र पावापेक्षा पुष्कळ कमी चढली होती. तेही स्ट्रॉबेरीचं, गोड योगर्ट होतं. या निष्कर्षाचा अर्थ कसा लावायचा यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. मी त्यातून एवढंच घेतो की दह्याचं वागणं नुसत्या साखरेच्या आकड्यावरून कळत नाही.

खाण्याच्या क्रमालाही महत्त्व आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजात डॉ. अल्पना शुक्ला आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली मधुमेह असलेल्या ११ जणांना एकच जेवण दोन दिवस उलटसुलट क्रमाने दिलं. भाजी आणि चिकन आधी, पाव नंतर, असं खाल्लं त्या दिवशी तासाभराने साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी निघाली. अकरा माणसं म्हणजे काही फार नव्हेत, आणि आपल्याकडे चिकनच्या जागी दही धरलं तर तेवढाच फरक पडेल असं कोणी सांगितलेलं नाही. पण काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर दही आधी संपवून मग भाकरीला हात घालायला पैसे पडत नाहीत. आपल्याकडे दहीभात शेवटी खायची रीत. मी ती मोडली तेव्हा घरच्यांनी "अहो, जेवण उलटं का करताय?" म्हणून विचारलं होतं.

मग दही खाल्ल्याने मधुमेह टळतो का? मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने योगर्ट कंपन्यांना पाकिटावर एक वाक्य छापायची मुभा दिली. आठवड्याला निदान दोन कप योगर्ट नियमित खाल्ल्यास टाइप टू मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो, असं ते वाक्य. त्यातच 'मर्यादित पुराव्यानुसार' ही पुस्तीही जोडायला लावली. अर्ज केला होता डॅनोन या योगर्ट विकणाऱ्या कंपनीने. पुरावा खोटा नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या हजारो परिचारिका आणि इतर आरोग्य-व्यावसायिकांची वर्षानुवर्षांची माहिती इतर अभ्यासांशी जोडून २०१४ साली जे गणित मांडलं, त्यात रोज योगर्ट खाणाऱ्यांत धोका १८ टक्क्यांनी कमी दिसला. वजनाच्या अशाच अभ्यासात, २०११ साली, योगर्ट खाणाऱ्यांचं वजन चार वर्षांत किंचित कमी झालेलं आढळलं, बटाट्याच्या वेफर्सनी मात्र वाढवलं. पण जो माणूस रोज आठवणीने योगर्ट खातो तो बहुधा फिरायलाही जातो, सिगारेटही कमी ओढतो. किती श्रेय दह्याचं आणि किती त्याच्या सकाळच्या फेरीचं, हे अशा अभ्यासांतून पूर्ण वेगळं काढता येत नाही. आणि ज्याला मधुमेह झालेलाच आहे त्याला 'टळतो' हे वाक्य लागू नाही. दही औषध नव्हे, चांगलं अन्न आहे. तेवढी योग्यता मला पुरते.

मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ जीवनसत्त्व उतरू शकतं. शाकाहारी माणसाला ते मिळायचं मुख्य दार म्हणजे दूध-दही. याज्ञिकांच्याच गटाने पुण्यातले मध्यमवयीन पुरुष तपासले तेव्हा दोनतृतीयांश लोकांत ते कमी निघालं होतं. वाटीभर दही ती तूट पूर्ण भरून काढत नाही, म्हणून हातापायांना मुंग्या येत असतील तर रक्त तपासून घ्यावं. आणि मधुमेहाने मूत्रपिंडावर परिणाम झालेला असेल तर चक्क्याबद्दल वर लिहिलेलं विसरून जावं. तिथे प्रथिनं आणि फॉस्फरस किती हे डॉक्टरच ठरवणार.

ताक हा आमचा उन्हाळ्याचा आधार. अक्षयतृतीया, म्हणजे आमची आखाजी, झाली की बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. पारा चव्वेचाळीसवर, पायाखाली तापलेली वाळू, आणि दुतर्फा लस्सीच्या गाड्या. मोठ्या ग्लासात लस्सी घुसळली जाते, वरून सायीचा गोळा, आणि साखर किती घालतात ते गाडीमागे उभं राहून एकदा मोजलं. मोठे चार चमचे. शेजारच्याच गाडीवर मठ्ठा होता, आलं-मिरची-कोथिंबीर लावलेला. दह्यात चौपट पाणी घातलं की साखरही चौथाईच्या खाली आणि कॅलरीही. वजनाच्या माणसाला यासारखं पेय नाही, तहान भागते आणि पोटही भरतं. रक्तदाब असेल तर मीठ मात्र हात राखून, विशेषतः पिशवीतल्या मसाला ताकात ते आधीच भरपूर असतं.

आपल्याला कोणतं दही मानवतं हे सांगायला शेवटी घरातला ग्लुकोमीटर बरा. एक दिवस नेहमीचं जेवण, जेवणाआधी आणि दोन तासांनी शुगर. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, तेवढीच भाकरी, आणि सुरुवातीला वाटीभर दही. असं तीन-चारदा केल्यावरच काही म्हणावं, कारण एका दिवसाच्या आकड्यात रात्रीची झोप, दुपारचा चहा, मुलाशी झालेला वाद, सगळं मिसळलेलं असतं. दोन तासांनी १८० च्या आत राहणं हे बहुतेकांचं उद्दिष्ट असतं. माझ्या वहीत साध्या दह्याने आकडा कधी चढवला नाही. चढवला तो दर वेळी तिसऱ्या भाकरीने.

दुकानातल्या दह्याचा घट्टपणा संशयास्पद वाटला तर औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडिन आणावं. चमचाभर दही उकळून, गार करून त्यात दोन-तीन थेंब टाकायचे. निळं-जांभळं झालं तर त्यात पीठ आहे, आणि पीठ म्हणजे शुगरवाल्याने न मागितलेली कर्बोदकं. आमच्या नेहमीच्या डेअरीचं दही तपकिरीच राहिलं. मी ते डेअरीवाल्याला सांगितलं नाही.

घरी लावायचं तर खान्देशात मे महिन्यात निराळीच घाई असते. जानेवारीत आमची मंडळी दह्याचं भांडं पिठाच्या डब्यात खुपसून, वर टॉवेल गुंडाळून निजवतात, तरी सकाळी ते पाणीदार. मेमध्ये रात्री दहाला विरजण लावलं तर पहाटेपर्यंत दात आंबवणारं. जिवाणूंना चाळीस-बेचाळीस अंशांची ऊब आवडते आणि आमच्या स्वयंपाकघरात ती फुकट मिळते. म्हणून उन्हाळ्यात विरजण चमच्याच्या टोकावरचं, आणि दूध लावायची वेळ सकाळची. नऊला लावलं की एकपर्यंत कवडी पडते, मग ताबडतोब फ्रीज.

परवा मी पुन्हा डेअरीवर गेलो होतो. घरचं विरजण मोडलं होतं. नेहमीचा प्रश्न आला, "कितलं देऊ, भाऊ?" मी म्हटलं, "शंभर ग्रॅम." तो पळी हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. अर्ध्या किलोच्या खाली त्याच्याकडे बहुधा कोणी मागत नसावं. "पाहुणा येणार शे का औषधाला पाहिजे?" त्याने विचारलं, आणि साय बाजूला सारून कडेची एक नेमकी कवडी काट्यावर ठेवली. एकशे दहा भरली. वरचे दहा ग्रॅम त्याने परत काढले नाहीत.